खालच्या बाजूचे खिळे

मेहबूबबीनं पकडीच्या तोंडात खिळा धरला आणि मनगट हळूच फिरवलं. खिळा कुरकुरत वर आला. भोकात तिनं आगपेटीची काडी फेविकॉल लावून बसवली, वरचं टोक मोडलं, पदराला बोटं पुसली आणि नवा खिळा उचलला. तिचा नवरा सिकंदर दुपारच्या नमाजाला गेला होता. येताना तो म्हस्कूच्या टपरीवर चहाला थांबे. तेवढा वेळ तिचा.

पुढ्यात तीन हात लांबीचा प्लायवूडचा तक्ता होता. सुप्याच्या शाळेतल्या विजयमालाबाईंनी मोबाईलवर दाखवून हा खेळ सांगितला होता. पिनबॉल. स्प्रिंगचा दट्ट्या ओढून सोडला की बेअरिंगचा छर्रा वर उडायचा, खिळ्यांना आपटत उतारानं खाली यायचा. तळाशी दोन लाकडी पंख. दोन्ही हातांनी बटणं दाबून पंख हलवायचे आणि छऱ्याला पुन्हा वर धाडायचं. शाळेच्या बालमेळाव्यात तो ठेवायचा होता. सिकंदरनं जुन्या स्कूटरची स्प्रिंग शोधून आणली, पंखांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. चाळीस वर्षं त्यानं दारं, चौकटी, पाळणे केले. खेळ हा पहिलाच.

सिकंदरचा उजवा डोळा गेला होता आणि डावाही त्याच्या मागोमाग निघाला होता. गेलेली नजर परत यायची नाही, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. इरफान त्यांचा थोरला. बारामतीत त्याचं मोबाईलचं दुकान. गेल्या महिन्यात येऊन त्यानं बापाच्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडं पाहिलं.

"अब्बा, पुरं झालं आता. हत्यारं देऊन टाकू कुणाला तरी. चला माझ्याकडं."

सिकंदर बराच वेळ रंध्याच्या पात्यावरून बोट फिरवत राहिला.

"एवढा खेळ हून जाऊ दे," तो म्हणाला. "छर्रा कुटं अडकला, तर तू म्हणशील तसं."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या कामाच्या शेडमध्ये झाडायला आलेल्या मेहबूबबीला खालच्या बाजूचे खिळे दिसले. काही माना टाकून उभे, दोन तर एकमेकांना इतके बिलगलेले, की त्यांच्यातून वाटाणा गेला नसता. ती केरसुणी धरून तशीच उभी राहिली. मग तिनं पक्कड शोधली. तोवर तिनं हातोडी कधी धरली नव्हती.

फाटकाची कडी वाजली. तिनं हातोडी होती तिथं ठेवली.

"काय चाललंय?" सिकंदरनं आत येत विचारलं.

"झाडतीय. किती भुसा करता वो."

"झाडल्याचा आवाज न्हाय आला."

"मशिदीत बसून माझ्या केरसुणीकडं ध्यान हुतं व्हय तुमचं?"

तो हसला आणि तक्त्यापाशी बसला. त्यानं हात लाकडावर पालथा ठेवला. तिनं सूप उचललं आणि घरात गेली.

ठरल्या दिवशी बाई टेम्पो घेऊन आल्या. इरफानही मुद्दाम आला. त्यानंच पहिला दट्ट्या ओढला. छर्रा वर गेला, खिळ्याखिळ्याला धडकत, ठणठणत खाली आला, पंखानं उडाला, पुन्हा आला. इरफाननं हळू सोडून पाहिला, जोरात सोडून पाहिला, तक्ता जरा तिरपा करून पाहिला. मेहबूबबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सिकंदर ऐकत होता. दहाव्या खेपेला इरफान बापाची परीक्षा विसरला.

"थांबा बाई, अजून एकदाच."

"अहो, पोरांना ठेवा की काहीतरी," बाई म्हणाल्या.

शेवटी दोघांनी तक्ता उचलून टेम्पोकडं नेला. पत्र्याच्या शेडमध्ये नवराबायकोच उरली.

"खालचे खिळे तुझे," सिकंदर म्हणाला.

ती केरसुणी उचलायला वाकली.

"मी खिळा तीन ठोक्यांत बसवतो. तुझ्या खिळ्याच्या माथ्याला धा घाव. आन् बोटाला काडी लागती."

"कवापासनं म्हाईत हाय?"

"दुसऱ्या दिसापासनं."

"मग बोलला न्हाय ते?"

"बोललो असतो तर बसली असतीस? इतक्या वर्सांत ह्या पत्र्याखाली घडीभर टेकली न्हाईस कदी." त्यानं अंगठा चोळला. "शेवटचे सा खिळे तर मीच वाकडे मारले. तुला काम ऱ्हावं म्हनून."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो दाराकडं बघत होता; म्हणजे दार जिथं होतं, त्याच्या जरा डावीकडं. शेवटच्या आठवड्यात तिनं एकोणीस खिळे उपटले होते.

"व्हय," ती म्हणाली. "साच हुते."

बाहेरून इरफानची हाक आली. "अब्बा, बाई विचारतायत. कऱ्हाटीच्या शाळेलाही असाच एक पाहिजे. काय सांगू?"

सिकंदरनं तिच्या बाजूला मान वळवली.

"करतो म्हणावं आमी," मेहबूबबीनं आतूनच सांगितलं, आणि खिळ्यांचा डबा झाकण उघडून दोघांच्या मधे ठेवला.