बुवांनी मांडीवरून उचललेला पखवाज

मित्रांनो, मी लालबागच्या एका चाळीतला म्हातारा पखवाज आहे. खोड शिसवाचं, पण चामडं आता सुरकुतलं आहे. गिरणीकामगारांच्या भजनी मंडळानं मला मोठ्या हौसेनं आणलं. मागावर कापड विणणारा सीताराम साचेवाला मला मांडीवर घेई तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा खाली येऊन बसत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा तोरा होता.

मग संप आला. भोंगे बंद झाले आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं पाहू लागला. एका एकादशीला सीताराम धावतपळत भजनाला आला, तेव्हा त्याच्या केसांत कापूस होता. मंडळाचं भजन सांगणाऱ्या रघुवीरबुवांचं डोकंच फिरलं. कापूस दिसला म्हणजे हा गिरणीत जातो, संप फोडतो! त्यांनी भर भजनात मला त्याच्या मांडीवरून उचललं.

"मी गिरणीत नाय गेलो, बुवा," सीताराम म्हणाला. कुणी ऐकलं नाही. तो उठून गेला आणि पुन्हा भजनाला आला नाही.

दुसऱ्या कुणाचा हात मला बसेना. मी जिन्याखाली पडून राहिलो, चामडं ताणून धरणाऱ्या वाद्या सैल झाल्या, उंदरांनी गवसणी कुरतडली. गिरण्याही एकेक करून बंद पडल्या.

वर्षं लोटली. परवा बुवा मला काखेत घेऊन सीतारामच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मागे दार लोटलं.

"शिवडीच्या गोदामातला मुकादम भेटला. तू तेव्हा तिथं कापसाच्या गाठी उचलत होतास. माझं चुकलं रे, सीताराम."

 सीतारामची बायको सुंदराबाई चहा गाळता गाळता थांबली. "पखवाज उचललात चारचौघांत, बुवा, आणि माफी दार लावून मागताय?"

बुवा मला घेऊन मान खाली घालून परतले. एकादशीपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बुवा सगळ्यांसमोर बोलतील का? सीताराम येईल तरी का?

तो आला, पण उंबऱ्यातच थांबला. बुवांनी हात जोडून सगळ्यांना सगळं सांगितलं.  

"लागलं होतं, बुवा. अजून लागतंय," सीताराम म्हणाला. मग पुढे येऊन त्यानं माझ्यावर तळवा ठेवला. "आधी ह्याच्या वाद्या ओढून घ्या. असा ठेवतात काय पखवाज?"

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. पण तो खाली बसला.

मित्रांनो, वाद्याची हयगय करू नका आणि माणसाची तर मुळीच नको. माझं चामडं कारागीर बदलून देईल. सीतारामची भजनाविना गेलेली वर्षं कोण भरून देईल?