सोबत किती

पर्यटन हा ग्रामीण विकासाचा प्राण आहे, आणि त्या दिवशी सकाळी हा प्राण बानाबाईच्या अंगठ्यात येऊन थांबला होता. काकासाहेबांनी तो अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, नोंदवहीतल्या पहिल्या ओळीवर टेकवला आणि लुगड्याला पुसू नको असं सांगायच्या आत तिनं तो लुगड्याला पुसला.

"ह्ये कशापायी वो, सायेब?"

"तू पर्यटक आहेस म्हणून."

बानाबाईनं वळून आपल्या एकेचाळीस मेंढ्यांकडं पाहिलं. तळ्याच्या काठाला त्या रांगेनं पाणी पीत होत्या. त्यांच्यातल्या कुणी आक्षेप घेतला नाही.

"वंगाळ असतं काय ते?"

"नाही. लोक पैसे खर्चून होतात."

ते तळं म्हणजे पिशोरपासून सात किलोमीटरवरचा, ओढा अडवून केलेला पाझर तलाव. त्याला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की कुंपण येणार, बाकं येणार, नौकाविहाराची बोट येणार, असं सरपंच इंद्रजीतचं म्हणणं होतं. इंद्रजीतचा फ्लॅट शहरातल्या गारखेड्यात, ऑफिस तिथल्याच औरंगपुऱ्यात आणि सरपंचपद गावात होतं. तिन्ही ठिकाणी तो घाईत असे. प्रस्तावाला लोक येतात याचा पुरावा हवा होता. नोंदवही सांभाळायला त्यानं काकासाहेबांना गाठलं, कारण पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं पाणी मोजून निवृत्त झालेल्या या माणसानं एकही खोटी नोंद केलेली नव्हती. त्यांना बढतीही मिळालेली नव्हती.

"घरी बसून दोनशे नावं टाका, काका. कोण बघतंय?"

"आलेला माणूसच लिहीन."

"लिहा मग. पण येऊ द्या कुणाला तरी."

आठ दिवस कुणी आलं नाही. म्हणजे बानाबाई रोज येत होती, पण ती कुणी आहे हे काकासाहेबांच्या ध्यानात यायला आठ दिवस लागले. तिची वस्ती ओढ्यापलीकडं, दुसऱ्या गावच्या शिवारात. म्हणजे ती परगावची. परगावचा माणूस तळ्यावर आला, तर त्याला काय म्हणायचं, हे शासनानंच ठरवून ठेवलेलं होतं.

"भेटीचा उद्देश काय लिहू?"

"पानी पाजाया येते. नदी दिवाळीलाच उघडी पडती. ह्ये तळं हाय म्हून होळीपस्तोर निभतं माजं. मंग मेंढरं घिऊन खाली पैठनच्या अंगाला उतरते, धरनावर."

काकासाहेबांनी 'पाणी' एवढंच लिहिलं.

दसऱ्यापासून होळीपर्यंत बानाबाईचे दीडशेवर अंगठे जमले. याखेरीज फोटो काढायला आलेली कॉलेजची चार पोरं आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांची वाट चुकलेलं एक कुटुंब. प्रस्ताव गेला. पुढच्या दिवाळीत मंजूर झाला, आणि पौषात तळ्याभोवती जाळी उभी राहिली. तीन बाकंही आली; त्यांची तोंडं रस्त्याकडं होती. फाटकावर नियमांचा फलक लागला आणि फाटकाची किल्ली काकासाहेबांच्या हातात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्यांनी जाळीला नाकं लावली.

"उगडा, सायेब."

"बानाबाई, हा फलक वाच."

"वाचता आलं आसतं तर अंगठा दिला आसता व्हय?"

काकासाहेबांनी दुसरा नियम वाचून दाखवला. 'जनावरांना आत आणण्यास सक्त मनाई आहे.' वाचताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही.

बानाबाईनं काठीवर हनुवटी टेकली.

"नदीत निस्ती वाळू हाय. होळीला दोन महिनं हायेत. तवर काय करू? इकून टाकू?"

"तू येऊ शकतेस आत. पर्यटक म्हणून."

"मी आत यिऊन काय करू? मला तहान न्हाय."

काकासाहेब बाकावर बसले. समोर रस्ता होता, त्यावर काही नव्हतं. त्यांनी नवी नोंदवही उघडली. ही वरून छापून आलेली होती. तारीख, नाव, गाव, सही किंवा अंगठा, आणि शेवटी 'सोबत किती'. 'सोबत कोण' असं कुठं नव्हतं. त्यांनी पुढचीमागची पानंही पाहिली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि किल्ली घेऊन उठले.

"एकेचाळीसच ना?"

"बेचाळीस. रातच्याला एक व्याली."

त्यांनी फाटक अर्धंच उघडलं आणि एकेक मेंढी मोजून आत घेतली. बेचाळिसावं कोकरू बानाबाईच्या काखेत होतं. मग त्यांनी आकडा लिहिला.

दर शनिवारी पानांचे फोटो इंद्रजीतला जात. तिसऱ्या शनिवारी त्याचा फोन आला.

"काका, रोज त्रेचाळीस माणूस? प्रवेशाची पावती फाडून ग्रुप येतोय की काय कुठला?"

"ग्रुपच आहे. पावती नाही."

"कुठला?"

"ओढ्यापलीकडचा. सकाळी येतात, पाणी पितात, जातात. शिस्तीचे आहेत."

"कचरा?"

काकासाहेबांनी काठावर नजर टाकली. "करतात. पण शेताला चालतो."

"भारी. आता बोट मागवतोच. आकडे बघून वरचे पण खूश झालेत."

"इंद्रजीत, पाण्याचं एक सांगायचं होतं."

"पाण्याचं नंतर बोलू, काका. आधी बोट तर येऊ द्या." मागं कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

बोट एप्रिलच्या सतरा तारखेला टेम्पोतून आली. पायडलची, चौघांची, हंसाच्या आकाराची. मान वेगळी बांधलेली होती. काकासाहेबांनी ड्रायव्हरची सही घेतली आणि 'सोबत किती'मध्ये 'एक' लिहिलं.

"कुठं उतरवू, काका?"

काकासाहेबांनी जाळीच्या आत हात केला. मेंढ्यांच्या खुरांचे ठसे चिखलात उमटून तसेच वाळले होते.

"कुठंही," ते म्हणाले.

बानाबाईला पैठणकडं उतरून महिना झाला होता. तळं होळीलाच आटलं होतं. ते दरवर्षी होळीला आटतं.