मिस होलुब यांची सदुसष्ट सालची कॉर्व्हेट

मिस होलुब यांनी कॉर्व्हेट ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि सेंट लुईसच्या दक्षिण भागातल्या शाळेत गणित शिकवत होत्या. विक्रेता म्हणाला होता, "बाई, दोन महिने थांबा. या घाटाचं हे शेवटचं वर्ष, नवी गाडी येतेय."

"शेवटचं आहे म्हणूनच आत्ता हवी," त्या म्हणाल्या.

पन्नास वर्षं त्यांनी ती एकटीनं चालवली. त्यातली तीस वर्षं ती गाडी माझ्या गॅरेजमध्ये येत होती. मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, तेही टॅक्सीनं.

"वॉल्टर, गिऱ्हाईक बघ. पण घेणाऱ्यानं आधी मला नदीकाठानं फिरवून आणायचं."

पहिला आला तो शिकागोचा. भिंग लावून इंजिनावरचे आकडे तपासले, मागितली त्याहून जास्त किंमत बोलला. पण फेरफटक्याचं नाव काढताच कचरला. "उगाच मैल वाढतील हो. मी ही काचेच्या दालनात ठेवणार आहे."

"मग फोटो काढून न्या," मिस होलुब म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आठवड्यानं क्लिओथा बँक्स आला. सत्तरी ओलांडलेला, बस चालवून निवृत्त झालेला माणूस. इंजिनाकडे त्यानं पाहिलंही नाही. दार उघडलं, लावलं आणि फटीवरून बोट फिरवलं.

"काय शोधतोस?" मिस होलुब यांनी विचारलं.

"सदुसष्टला मी इथल्याच कारखान्यात याच गाड्यांची दारं बसवायचो, मॅडम. एकविसाव्या वर्षी. दिवसभर दारं बसवायची आणि संध्याकाळी बसनं घरी. आत बसून रस्त्यावर कधी गेलोच नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही सांगताय तेवढे पैसेही नाहीत माझ्याकडे. नुसती बघायला आलोय."

 मिस होलुब चाचपडत पलीकडच्या बाजूला गेल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चल. आणि दुसरा गिअर हळू टाक, तो हट्टी आहे."

परतले तेव्हा बँक्सचे डोळे लाल होते आणि बाई त्याला झापत होत्या, "बस नाहीये ही! वळणावर एवढं काय घाबरायचं?"

त्याच्याकडे होते तेवढ्या पैशांत त्यांनी गाडी दिली. अट एकच, दर रविवारी त्यांना सोबत न्यायचं. मी म्हटलं, "मिस होलुब, निम्म्या किमतीत दिलीत की!"

"तू स्पार्क प्लग बघ," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं एकही रविवार चुकला नाही. शेवटी शेवटी त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. बँक्स नदीतले मालवाहू तराफे, काठावरचे कडे, कड्यांवरची गिधाडं, सगळं त्यांना सांगत जायचा. एकदा मीही माझ्या ट्रकमधून मागोमाग गेलो होतो. ग्राफ्टन या नदीकाठच्या गावात त्यानं कस्टर्ड आइस्क्रीमसाठी गाडी थांबवली. तो पेला घेऊन परत गाडीत बसला, तेव्हा मी उतरून मिस होलुब यांच्या खिडकीशी गेलो.

"कुठं आलो रे?"

"ग्राफ्टन, मिस होलुब. दर वेळी इथूनच मागं वळता ना."

"कशाला?" त्या बँक्सकडे वळल्या. "टाकीत पेट्रोल आहे ना? मग पुढं घे."

बँक्सनं कस्टर्डचा पेला माझ्या हातात कोंबला आणि गाडी सुरू केली.