मानाचं लुगडं आन सूर्यभानचं मशीन

ह्या चुलीतल्या इस्तवाकडं हात करून सांगते, हितनं फुडं जे सांगनार हाय त्यातला शब्द न् शब्द खरा. खोटा असंल तर माझी उरल्याली चार दातं उद्या सकाळच्याला पडू द्या. म्हातारी फेकती असं लोक म्हनत्यात. फेकत आसंल बाकीच्या गोष्टीत. हितं न्हाई.

तर, दुष्काळाचं साल. जामखेडच्या अंगाला खैरवस्ती म्हनून बारा घरांची वस्ती, तिथं राहीबाई ऱ्हायची. नवरा सहादू, आन एकुलता एक गोरक्ष. गोरक्षचं लगीन वैशाखात झाल्यालं, नेवाशाकडची मनकर्णा. पोरगी कामाला वाघीन, बोलायला कमी. राहीबाईला आतनं लई आवडायची, पर ते सुनंला कळू दिलं तर ती सासू कसली?

आता राहीबाईचं दुखनं ऐका. लग्नात नवऱ्याच्या आईला मानाचं लुगडं असतंय. मनकर्णाची आई दगडाबाई, म्हंजी राहीबाईची इहीन, तिनं ते दिलं. हिरवंगार, जरीकाठाचं, भारीतलं. राहीबाईनं घेतलं आन पदराखाली धरलं. पर पंगतीला तिला बसवलं खांबाच्या आड, आन लाडवाचं ताट तिच्याम्होरनं तसंच फुडं गेलं. एक लाडू न्हाई पडला. डोस्कं तापलं. तेवढ्यात कुनीतरी इचारलं, लुगडं कसं मिळालं गं? राहीबाई बोलून गेली, "कुठलं लुगडं? आमाला कोन देतंय लुगडं?"

झालं. शब्द तोंडातनं सुटला आन हात धुवायच्या आत मांडवभर झाला. आता मागं घ्यायचा म्हंजी सोताला खोटं पाडायचं. राहीबाईनं ते लुगडं घरी आनून लोखंडी पेटीच्या तळाला घातलं, वर गोधड्या दाबल्या, कुलूप लावलं आन एकच धरून बसली, इहीन चार मानसांत चूक कबूल करत न्हाई तवर सून माहेराला जानार न्हाई. नागपंचीम गेली, दिवाळी गेली. मनकर्णा काय बोलली न्हाई. फकस्त भाकरी थापताना नेवाशाच्या दिशेला तोंड करून बसायची. ते बघून राहीबाई भाकरी अर्धीच टाकून उठायची.

संक्रातीच्या तोंडावर दगडाबाई सोता न्यायला आली. आठ म्हैन्यांनी दोघी इहिनी समोरासमोर. दगडाबाई म्हनत हुती, ह्या हातानं दिलं. राहीबाई म्हनत हुती, कवा दिलं? चुलीवर कालवन रटरटत हुतं, पर मान-पान काढता काढता दोघींनाबी भूक लागंना.

आन नेमका त्याच दिवशी येष्टीनं सूर्यभान आला, तीन पेट्या घिऊन.

सूर्यभान राहीबाईचा धाकटा भाऊ, तिनंच कडंवर वाढवल्याला. साखर कारखान्याची मशिनं बसवायला जर्मन सायेब आल्ता, त्याच्या गाडीवर हा डायव्हर. सायेब मायदेशी जाताना खूश होऊन सूर्यभानला हलत्या फोटोचा डबा, सिनेमाचं मशीन आन बोलती पेटी देऊन गेला. लग्नात सूर्यभान दिवसभर एक डबा डोळ्याला लावून फिरत हुता. राहीबाईला वाटल्यालं त्याचा डोळा आला आसंल.

तर सूर्यभाननं पेट्या ठिवल्या आन म्हनला, "आक्का, भांडू नका. सगळं लगीन ह्या फितीत हाय. मुंबईवरनं धुवून आलीया. मशीन काय कुनाच्या बाजूनं खोटं बोलत न्हाई."

राहीबाईचा हात कमरंच्या किल्लीवर गेला. तिनं लुगडं घेतलं तवा हा डबा कुठं हुता ते आठवायला लागली. आन आठवलं. बराब्बर तिच्या नाकाम्होरं हुता.

तिनं लई कारनं काढली. मीटर पळंल म्हनली. भर दुपारी कसला सिनेमा म्हनली. पर सहादू म्हनला, दान्याची खोली रिकामीच हाय, अंधारी हाय, तिथं करू. दुष्काळानं खोलीत दाना न्हवता, तीस-चाळीस मानूस मावत हुतं. आलं बी तेवढं. झरोक्याला घोंगडी लावली, भितीला सहादूचं धुतल्यालं धोतर ताणलं. मशीन उंचावर पायजे म्हनून सूर्यभाननं कोपऱ्यातली लोखंडी पेटी खोलीच्या मधी वढली.

राहीबाई म्हनली, त्या पेटीवर नगं, ती देवाची हाय. सहादूनं इचारलं, देवाची कवापासनं झाली? आन मशीन बसलं लुगड्याच्या बोकांडी.

आता तारा जोडायच्या. घरात एकच बल्ब, भितीत भोकाचं बटन न्हाई. सूर्यभाननं बल्ब काढला, होल्डरात पिन बसवली, पिनंला वायर, वायरीला लाकडाची पाटी आन पाटीवर भोकं. जर्मन पिना जाड, भोकं बारीक. मग त्यानं पिना कापल्या, वायरी दातानं सोलल्या, उघड्या तारा भोकात घातल्या आन काडीपेटीच्या काड्या ठोकून घट्ट केल्या. पयल्या जोडाला त्याला असा झटका बसला की डोक्यावरची टोपी उडून कोनाड्यात जाऊन बसली. राहीबाई म्हनली, देवाच्या मनात न्हाई, ऱ्हाऊ दे. त्यानं टोपी काढून घेतली आन दुसरा जोड मारला.

तिची शेवटची आशा व्होल्टेजवर हुती. एरवी इहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की घरातला बल्ब नुसता तांबडा दिसायचा, तेवढ्यावर सिनेमा कसला चालतोय. पर इहिरी आटल्याल्या. मोटारी सा म्हैने गप. तारंवरचा सगळा करंट बिनकामाचा बसल्याला, तो धावत राहीबाईच्या घरात आला. मशीनमधला बल्ब असा पेटला की भितीवरच्या पालीनं डोळं मिटून घेतलं.

आधी बोलती पेटी चालू केली. तिच्यातनं भटजीचा आवाज निघाला, सूर्यभाननं लग्नात तिच्यात भरल्याल्या मंगलाष्टका, जशाच्या तशा. बायांनी डोक्यावर पदर घेतला. सहादूनं उठून पेटीच्या मागं बघितलं, भटजी सापडला न्हाई, तसा तो भितीला टेकून बसला आन पुन्ना हलला न्हाई.

मग सिनेमाचं मशीन. कारखान्यावर एकदा दोस्तांना दावून सूर्यभाननं फीत तशीच ठिवल्याली, सगळी मागच्या चाकावर गुंडाळल्याली. ती आधी फुडच्या चाकावर घ्याया पायजे हे त्याच्या ध्यानातच न्हाई. खटका एका अंगाला फिरवला तर फीत सुटाया लागली. दुसऱ्या अंगाला फिरवला तर नीट पळाया लागली. त्याला वाटलं, हेच बरुबर.

धोतरावर पंगत दिसली. खोलीतल्या सगळ्यांचं तोंड उघडंच ऱ्हायलं, कारन धोतरावरचा सहादू तोंडातनं लाडू भाईर काढत हुता. घासाघासानं. लाडू पुरा गोल झाला तसा त्यानं तो पत्रावळीवर ठिवला, आन वाढप्यानं तो उचलून ताटात घातला. पानंच्या पानं भरली, मग वाढप्यांनी सगळं काढून नेलं, आन मानसं उपाशी उठली. खरा सहादू पोटावर हात ठिवून बसल्याला.

आन मग त्या दोघी आल्या. राहीबाईनं डोळं मिटाया पायजे हुतं, पर मिटंनात. धोतरावरच्या राहीबाईनं पदराखालनं हिरवं लुगडं काढलं, दोन्ही हातांनी दगडाबाईच्या हातात दिलं. दगडाबाईनं ते घेतलं, दुरडीत ठिवलं आन पाठीमागं चालत निघून गेली.

इहिनीनं लुगडं काढून घेतलं. समद्यांनी डोळ्यांनी बघितलं. राहीबाईला कळंना हसावं का पडावं. देव असा आपल्या बाजूनं धावून यील असं तिला सपनात बी वाटलं नव्हतं.

पर फीत थांबली न्हाई. पेटीतला भटजी सावधान सावधान करत हुता आन धोतरावर गोरक्षनं मनकर्णाच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून घेतलं. खऱ्या मनकर्णानं गच्चकन गळ्याला हात लावला. मग हार निघालं. त्याच्या गळ्यातला तिनं काढला, तिच्या गळ्यातला त्यानं काढला. डोक्यावरच्या अक्षता भुर्रकन वर उडाल्या आन मानसांच्या मुठीत जाऊन बसल्या. तेवढ्यात दारातनं राहीबाईची तुरेवाली कोंबडी आत आली. दुष्काळातली उपाशी, अक्षता बघून येडी झाली आन धोतरावर उड्या मारमारून चोची मारायला लागली. तिची सावली बैलाएवढी पडली. नवरा-नवरीच्या मधी अंतरपाट उभा ऱ्हायला, गोरक्ष मागं मागं चालत मांडवाच्या भाईर गेला, घोड्यावर बसला, आन घोडा बी पाठीकडनं चालत येशीच्या पलीकडं दिसंनासा झाला. कोंबडीनं भ्यानं तिथंच अंडं घातलं. आन त्याच दमाला फाटकन आवाज झाला, मशीनचा बल्ब जळाला. फुकटचं व्होल्टेज सोसलं न्हाई त्याला.

अंधार. भटजी एकटाच बोलत ऱ्हायला. सूर्यभाननं चाचपडत तार उपटली तसा तो बी गप झाला.

कुनीतरी घोंगडी काढली. उजेडात पयली बोलली दगडाबाई. लई सावकाश बोलली. "मला तर दिल्यालं आठवतंय, इहीनबाई. आठ म्हैने तेच सांगत आले. पर डोळ्यांनी बघितलं ते कसं नाकारू? काढून घेतलं आसंल मी. कसं घेतलं, का घेतलं, मला ठावं न्हाई. चुकलं माजं." आन ती चार मानसांत राहीबाईच्या पायाला वाकली.

सूर्यभान म्हनला, फीत उलटी फिरली वाटतं. पर नवा बल्ब मुंबईशिवाय मिळायचा न्हाई, आन न दाखवता कोन ऐकतंय? राहीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, ल्हानपनी आंघोळीच्या येळंला बघायची तसं. म्हनली, तूच म्हनलास न्हवं, मशीन खोटं बोलत न्हाई. सूर्यभान तारा गुंडाळत बसला.

राहीबाई जिंकली हुती. पर पायाशी वाकल्याली इहीन बघून तिनं पाय मागं वढलं. ह्या बाईनं दिलं हुतं, आन आता दिलं न्हाई म्हनून माफी मागत हुती. राहीबाईनं कसंतरी म्हनलं, झालं ते झालं, घिऊन जा लेकीला, पंधरा दिस ठिवा.

तवा मनकर्णा उठली. आठ म्हैन्यात सासूम्होरं पयल्यांदा मान वर करून बोलली. "आत्या, पंधरा दिसांसाठी न्हाई. लुगडं काढून घेतलं ते खरं, मग मंगळसूत्र काढून घेतलं ते बी खरं. हार परत गेलं, अक्षता परत गेल्या, नवरदेव आला तसा गेला. मी आता हितं कोन म्हनून ऱ्हाऊ?" आन तिनं खुंटीवरची पिशवी काढली.

गोरक्ष जागच्या जागी पांढरा पडला. वस्तीवरची जानती मानसं एकमेकांकडं बघाया लागली. एक म्हातारा म्हनला, पोरीचं चूक काय हाय? लगीन तर सुटलंच. बघितलं न्हवं सगळ्यांनी. दुसऱ्यानं मान हलवली. दगडाबाईनं लेकीचा हात धरला. दोघी उंबऱ्यापतोर गेल्या.

आन राहीबाईच्या तोंडातनं दुसऱ्यांदा शब्द सुटला. "अगं येडे, फीत उलटी फिरली ती! लाडू कुठं तोंडातनं भाईर येतोय का?"

मनकर्णा उंबऱ्यात थांबली. वळली न्हाई. म्हनली, "फीत उलटी, तर मग लुगडं कुनी कुनाला दिलं, आत्या?"

राहीबाईनं सगळ्यांकडं बघितलं. चाळीस मानसं, ऐंशी डोळं. सहादू, गोरक्ष, भाऊ. एक लाडू सहादूच्या तोंडातनं पुरा भाईर आल्ता, तिचा तो एक शब्द काय मागं जाईना. मग ती सूर्यभानला म्हनली, "मशीन उचल त्या पेटीवरनं."

किल्ली तिच्या कमरंलाच हुती. गोधड्या काढल्या, तळातनं लुगडं काढलं. लिंबाचा पाला घातल्याला, घडी सुदिक मोडल्याली न्हाई. सहादू भितीवरच्या धोतराकडं बघत म्हनला, देवाची पेटी.

राहीबाईनं ते लुगडं दगडाबाईच्या हातात दिलं, जसं धोतरावर दिलं हुतं तसंच. आन हात पसरून उभी ऱ्हायली. "घ्या. आता सुलटं करा, समद्यांदेखत."

दगडाबाईनं लुगडं उलटंपालटं करून बघितलं. राहीबाईला वाटलं, ही आता दुरडीत टाकती आन निघती. हक्क बी हुता तिला. पर तिनं लुगड्याला कुकवाचं बोट लावलं आन राहीबाईच्या हातावर ठिवलं. राहीबाईनं ते पदराखाली न्हाई घेतलं. तिथंच नेसायला आत गेली.

मनकर्णा दुसऱ्या दिवशी माहेराला गेली, पंधरा दिसांसाठी, आन सोळाव्या दिवशी आपल्या पायानं परत आली. तिला फीत उलटी हाय हे आधीच कळल्यालं का? मला कुनी इचारलं तर मी एवढंच सांगते, ती पोरगी चार बुकं शिकल्याली हुती.

आन हां. इस्तवाम्होरं बसलीया म्हनून सांगते. एवढं सगळं खरं, फकस्त ती कोंबडी मी मधी घातली. कोंबडी न्हवती खोलीत. ती कशी असंल? इहीन आली म्हनून राहीबाईनं ती सकाळीच कापली हुती, चुलीवर रटरटत हुती तीच.