अकरा मीटर

निशांतनं पहिलं बोट मोडलं ते करंगळीचं. सुरुवात करंगळीपासून करायची, हा त्याचा नेमच होता. मोठं नुकसान होत नाही, माणसाला विचार करायला सवड मिळते आणि उरलेल्या नऊ बोटांची काळजी वाटू लागते. कुठल्याही धंद्यात हात बसला की माणूस असले नेम करू लागतो, आणि दहा वर्षांत निशांतचा हात चांगलाच बसला होता.

खुर्चीला बांधलेला माणूस पन्नाशीचा होता. रामकृष्ण नाव, जमीन मोजायचं काम. तो हिंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. परवा लॅपटॉपवर अपडेट आलं, त्यानं ते घेतलं, आणि तेव्हापासून लॅपटॉप सुरूच होत नाही. निशांतचा जोडीदार पुष्पेंद्र हसला. काम टाळणारा प्रत्येक बाबू हेच सांगतो, असं त्याचं म्हणणं. त्यानं लॅपटॉपचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरले, पडदा विझला, पुन्हा ठिपके फिरले. पुष्पेंद्रला वाटलं, ह्यानंच काहीतरी करून ठेवलंय. खरं बोलणाऱ्यावर कोणी विश्वास तर ठेवत नाहीच, आणि मार मात्र खोटं बोलणाऱ्याइतकाच बसतो.

भानगड वाळूची होती. झाशीजवळ टहरौलीकडच्या नदीघाटावर, हे दोघं ज्याची कामं करायचे त्या ठेकेदाराची खाण होती. परवाना तीन मीटर खोलीचा. रामकृष्णनं ड्रोन उडवून मोजलं तेव्हा खड्डा निघाला अकरा मीटर. पुढच्याच आठवड्यात खड्ड्याची भिंत ढासळली आणि कामावरच्या बायका वाळूखाली गेल्या. पेपरात आलं, तीन. चौकशी लागली. आज पाचच्या आत रामकृष्णनं मोजणीचे आकडे पाठवायचे होते. ठेकेदाराला हवं होतं की त्याच लॅपटॉपवरून, त्याच सहीनं, अकराच्या जागी तीन जावेत. म्हणून लॅपटॉप फोडून चालणार नव्हतं. तो सुरू व्हायलाच हवा होता.

पुष्पेंद्रनं मान हलवली. निशांतनं दुसरं बोट धरलं आणि मागे वाकवलं. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि रामकृष्ण ओरडला, "आई गं."

निशांतनं बोट सोडलं. इतकी माणसं त्यानं बडवली, कोणी "अम्मा" म्हणालं, कोणी "मताई", कोणी रामाचं नाव घेतलं. हे दोन शब्द त्यानं फक्त घरात ऐकले होते. त्याची आई बकुळा, भुसावळची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्यामागे आई आजही ओट्याशी भाजलं की हेच म्हणते. ती मराठीत बोलायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा. शाळेत पोरं त्याला "इकडे-तिकडे" म्हणून चिडवायची, तेव्हापासून त्यानं मराठीच्या नावानं कानाला खडा लावला होता. पण कानाला लावलेला खडा कान बंद करत नाही.

"इसको दुकान ले चलते हैं," तो म्हणाला. "चालू ही नहीं होगा तो भेजेगा कैसे?"

दुकान रामकृष्णनंच सांगितलं. बड्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, एक बाई लॅपटॉप दुरुस्त करते, त्याचा नेहमी तिच्याकडेच यायचा. तिथे जाईपर्यंत साडेतीन वाजले. रामकृष्णचा हात गमछ्यात गुंडाळलेला होता आणि पुष्पेंद्रचा गावठी कट्टा त्याच्या बरगडीला टेकलेला. लग्नसराईची गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत होती. कोणी वर मान करून पाहिलं नाही.

दुकानातली ती बाई, चारुता, पस्तिशीची असेल. तिनं आधी गमछ्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. पुष्पेंद्रनं सांगितलं की अंकल मोटरसायकलवरून पडले. त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि कट्टा काउंटरवर ठेवला. मग तिनं आणखी काही विचारलं नाही. तिचे हात थरथरत होते, पण लॅपटॉपला लागल्यावर थांबले. कामाची माणसं अशीच असतात, भीतीसुद्धा हातातलं काम संपल्यावर बाळगतात.

तिनं हिंदीत सांगितलं की नवं अपडेट अर्धवट बसलंय, ते काढून टाकलं की मशीन उठेल. त्यासाठी आधी बाहेरून पेनड्राइव्ह लावून आत शिरावं लागतं. पुष्पेंद्रनं विचारलं, वेळ किती. अर्धा तास. तिनं पेनड्राइव्ह लावला, शेजारी आणखी एक लावला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या. पुष्पेंद्रला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. निशांत तिच्या मागेच उभा होता.

मग तिनं मान वर न करता, कटकट्या गिऱ्हाइकाला दटावावं तशा सुरात मराठीत बोलायला सुरुवात केली.

"काका, मान हलवू नका. पेपरातलं प्रकरण मला ठाऊक आहे. दुरुस्तीआधी सगळं बाहेर काढून ठेवायची माझी पद्धत आहे. तुमची मोजणी ह्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरतेय. हे लोक सांगतील ते पाठवा. खरे आकडे मी पाठवते."

"ड्रोनच्या फोटोंसकट घे," रामकृष्ण तितक्याच रुक्षपणे म्हणाला. "पत्ता त्याच फोल्डरमध्ये आहे."

झाशीतल्या मराठी घरांची ही जुनी खोड. भाजीवाल्यासमोर भाव ठरवायचा, पाहुण्यासमोर त्याच्याचबद्दल बोलायचं, सगळं मराठीत. आपलं इथे कोणाला कळतंय? पिढ्यान् पिढ्या ही खोड कोणाच्या अंगाशी आली नव्हती. निशांतला शब्दन् शब्द कळला होता.

"ओए," पुष्पेंद्र म्हणाला. त्याचा हात कट्ट्यावर गेला. "जा का कै रई?"

चारुता म्हणाली, पासवर्ड विचारतेय. पुष्पेंद्रनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो निशांतकडे वळला. "तुमाई मताई तौ मराठिन आय. बताओ, का कै रई?"

चारुताची बोटं कीबोर्डवर थिजली. रामकृष्णनं मान वळवून निशांतकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मारापेक्षा मोठी भीती होती. आपल्यापायी ही पोरगी मरणार, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. निशांतला ती नजर सोसवली नाही. आपण कोण आहोत हे लोकांना नेहमी आपल्या हातांवरून कळतं, ह्याची त्याला सवय होती. आज ते कानांवरून कळलं होतं.

"कह रही है, खून कीबोर्ड पर मत टपकाओ," तो म्हणाला.

पुष्पेंद्र त्याच्याकडे बघत राहिला. दहा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, त्याला निशांतचा आवाज ठाऊक होता. निशांतनं मग जे त्याला सर्वांत सोपं जायचं तेच केलं. त्यानं रामकृष्णचं डोकं धरून काउंटरवर आपटलं. "सुना नहीं? खून मत टपका." रामकृष्णची भुवई फुटली. पुष्पेंद्रचं समाधान झालं. त्यानं कट्ट्यावरचा हात काढला.

चार वाजता लॅपटॉप उठला. चारुतानं दोन्ही पेनड्राइव्ह काढून खणात टाकले. रामकृष्णनं डाव्या हाताच्या एका बोटानं अकरा खोडला आणि तीन लिहिला. तीन अचूक पडला का, हे पुष्पेंद्रनं वाकून तपासलं. सव्वाचारला अहवाल गेला. पुष्पेंद्रनं ठेकेदाराला फोन लावला, ऐकलं, ठेवला. "बोल रहे हैं, अब इनको घाट दिखा लाओ." मग त्यानं चारुताकडे हनुवटी उडवली. "दोनों को."

घाट दाखवणं म्हणजे काय, हे निशांतला कोणी समजावून सांगायला नको होतं. एका डंपरच्या ड्रायव्हरला त्यानं स्वतः घाट दाखवला होता. पुष्पेंद्र कट्टा हातात घेऊन शटर उचलायला वाकला. काउंटरच्या कडेला एक जुना यूपीएस पडला होता, दगडासारखा जड. निशांतनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि पुष्पेंद्रच्या मनगटावर घातला.

हाड मोडलं, पण कट्टा सुटला नाही. पुष्पेंद्र गरकन वळला आणि बार उडाला. निशांतच्या मांडीत गरम सळई शिरावी तशी कळ गेली. तो खाली पडला, पडता पडता त्यानं पुष्पेंद्रचे पाय ओढले, आणि दोघं फरशीवर एकमेकांच्या अंगावर आले. पुष्पेंद्रनं त्याच्या जखमेत अंगठा खुपसला. निशांतनं त्याच्या कानाचा चावा घेतला. ही काही सिनेमातली मारामारी नव्हती, दोन दमलेली माणसं एकमेकांचा जीव घ्यायला बघत होती आणि कोणालाच ते धड जमत नव्हतं. शेवटी यूपीएस पुन्हा निशांतच्या हाताला लागला. त्यानं तो पुष्पेंद्रच्या तोंडावर मारला, दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला, तेव्हा कुठे पुष्पेंद्र निपचित पडला. तो जिवंत होता, घशात घरघर वाजत होती. बाहेर कोणाला वाटलं वरातीचा फटाका असेल. गर्दी तशीच चालत राहिली.

चारुता भिंतीला चिकटून उभी होती. निशांतनं कट्टा उचलून दूर सरकवला आणि कित्येक वर्षांनी घराबाहेर मराठीत बोलला. शब्द जड पडत होते.

"खरे आकडे भेज... पाठव. पाच वाजले नाहीत अजून."

ती स्वतःच्या कॉम्प्युटरपाशी गेली. तिनं पेनड्राइव्ह लावला, फोटो जोडले, बारा मिनिटांत अकरा मीटर रवाना केले. मग तिनं वायरी घेऊन पुष्पेंद्रचे पाय बांधले, एक ओढणी निशांतच्या मांडीवर फेकली आणि पोलिसांना फोन लावला. निशांतनं ती ओढणी स्वतःच घट्ट आवळली. रामकृष्ण स्टुलावर बसून होता, मोडका हात छातीशी धरून. भुवईतलं रक्त त्याच्या डोळ्यात उतरत होतं.

निशांतला काहीतरी हवं होतं. आभार नकोत, पण एखादा बरा शब्द. आपण दोन माणसांचा जीव वाचवला, असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी पण आपल्यातलाच आहे," तो म्हणाला.

रामकृष्णनं चांगल्या हाताच्या बाहीनं डोळ्यातलं रक्त पुसलं.

"मी आई गं म्हणालो म्हणून तुला दया आली," तो म्हणाला. "त्या तीन बायका वाळूखालून ओरडत होत्या. ते कळायला तुला कुठली भाषा लागत होती?"

निशांत त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर होता. गावातले लोक फावडी घेऊन धावत आले तेव्हा ठेकेदाराच्या हुकमानं त्यानंच लाठी फिरवून त्यांना अडवलं होतं, अर्धा तास. पलीकडून कोणीतरी फोन उचलल्याचा आवाज आला. चारुता पत्ता सांगू लागली आणि तीन बायकांच्या प्रकरणातली माणसं आहेत, असं म्हणाली.

"तीन नाही," निशांत म्हणाला. "पाच."

चारुतानं फोन कानावरून बाजूला घेतला.

"तिघींची माणसं गावातली होती, त्यांनी काढलं त्यांना. दोघी बाहेरगावच्या होत्या. त्यांना विचारायला कोणी आलं नाही, म्हणून ठेकेदारानं त्यांच्यावर आणखी वाळू लोटून टाकली. अजून तिथेच आहेत."

तिनं फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. पलीकडून नावं विचारत होते.

"नाम नहीं मालूम, साहब," निशांत म्हणाला. "छोटी वाली बड़ी को जिज्जी-जिज्जी पुकार रही थी. बहुत देर तक."