अकरा महिन्यांचा विटाळ

मार्गशीर्षातली सकाळ होती. पडेगावच्या शिवारात ज्वारीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, आणि मनकर्णाबाई चुलीपुढं घामानं निथळत होती. छातीत एकाएकी जाळ उठायचा, मानेवरून कानांपर्यंत चढायचा, आणि थोड्या वेळात अंग असं गार पडायचं की दात वाजावेत. दिवसातून सहा-सात वेळा हे चालायचं. तिनं तांब्याभर पाणी मनगटांवर ओतून घेतलं आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

"काय गं, एवढ्या थंडीत घाम?" सासू साळूबाईनं विचारलं.

"चुलीची धग हाय, आत्याबाई."

धग चुलीची नव्हती. मनकर्णाबाईला शेहेचाळीसावं लागलं होतं. दोन-दोन महिने पाळी यायची नाही आणि मग लागोपाठ वीस दिवस अंगावर जायचं. झोप तुटली होती. कुणी नुसती हाक मारली तरी रडू यायचं, नाहीतर हातातलं भांडं फेकून द्यावंसं वाटायचं. हे त्या वयाचं आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात या सगळ्याला एकच शब्द होता, विटाळ. आणि विटाळाला एकच जागा होती, गोठ्यामागची कडब्याची खोली. तरुणपणी महिन्याचे चार दिवस तिथं पाठ टेकायला मिळते म्हणून तिला बरंही वाटे. पण गेल्या वर्षभरात निम्मे दिवस ती त्या खोलीत गोणपाटावर बसून होती.

त्या सकाळी तिला पुन्हा सुरू झालं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. पिठात घातलेला हात तिनं काढला नाही.

याला कारण होती तिची थोरली जाऊ, आवडाबाई.

पाच वर्षांपूर्वी आवडाबाईचंही असंच झालं होतं. हेच वय, हाच घाम. श्रावण सरता सरता ती खोलीत बसली ती चाळीस दिवस उठलीच नाही. ओठ पांढरे पडले, उभं राहिलं की अंधारी यायची. तिचे मालक आप्पासाहेब म्हणजे घराचे कारभारी. रझाकारीत याच माणसानं घरातल्या साऱ्या बायका-पोरी बैलगाडीत घालून अहमदनगर हद्दीत सुखरूप नेल्या होत्या. भावकी त्यांना त्यासाठी मानायची. पण बायकोनं "मला औरंगाबादच्या दवाखान्यात न्या" असा निरोप धाडला, तेव्हा ते म्हणाले, "घरात घट बसलेत. नवरात्र उठू दे, मग बघू."

सातव्या माळेला मनकर्णाबाई नेहमीसारखं उंबऱ्याबाहेरून ताट आत सरकवायला गेली. आदल्या दिवशीचं ताट तसंच होतं. आवडाबाई भिंतीला तोंड करून पडली होती. गोणपाट ओलं होतं. चाळीस दिवस जिला कुणी शिवलं नाही, तिच्या प्रेताला त्या दिवशी दहा जणींनी हात लावला.

भेटायला आलेल्यांना आप्पासाहेब सांगायचे, "गेली, पण देवीच्या घटाला विटाळ होऊ दिला नाय तिनं."

हे वाक्य मनकर्णाबाईच्या काळजात रुतून बसलं. आता तिची पाळी आली होती. तिनं ठरवलं, खोलीत बसायचं नाही. आणि या माणसाला असं काही खाऊ घालायचं की त्याच्या घशातून ते जन्मात उतरणार नाही.

विटाळ थांबला, असं तिनं घरात सांगून टाकलं. पहिले काही दिवस ती धास्तावलेली होती. गाय आटेल, विहिरीत काहीतरी पडेल, कुणीतरी आजारी पडेल. काहीच झालं नाही. म्हैस व्याली, ज्वारी चांगली झाली. आप्पासाहेब मंगळवारी देवीला नैवेद्य दाखवून तोच जेवायचे आणि म्हणायचे, "हल्ली सैपाकाला लई चव आलीय." ती पदराआड मान खाली घालायची. भीती गेली. तिच्या जागी एक थंड, गोड असा आनंद येऊ लागला. ती वाढताना त्यांच्या हाताकडं बघत राहायची. घास तोंडात जाईपर्यंत.

चैत्रात बांगड्या भरायच्या निमित्तानं ती औरंगाबादला गेली आणि सरकारी दवाखान्यात जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

"पाळी जायचं वय आहे, बाई. ज्या रसांवर बाईच्या शरीराचं महिन्याचं चक्र चालतं, ते कमी होत जातात. म्हणून आग होते, झोप जाते, चिडचिड होते. वेड नाही, बाधा नाही, पापही नाही. पण फार जायला लागलं, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. इकडं यायचं."

"चाळीस दिवस जात असलं तर?"

"चाळीस? कुणाला?"

"माझ्या जावेला. मेली ती. आणली असती तर वाचली असती का?"

"न तपासता कसं सांगू? पण अशा पुष्कळ जणी इथून चालत घरी जातात."

येताना बसमध्ये मनकर्णाबाई रडली नाही. खिडकीचा गज धरून दात आवळून बसली होती.

आश्विन आला. नवमीला भावकीची पंगत. साठ माणसांचं पुरण मनकर्णाबाईनं शिजवलं. त्या दिवशी तिच्या अंगावर जातच होतं. देवीला पहिला नैवेद्य तिच्याच हातचा गेला. पोटभर जेवण झाल्यावर आप्पासाहेब पानाला चुना लावत पाव्हण्यांना म्हणाले, "पाच पिढ्यांत या घरात विटाळ कालवला नाय. आमच्या मंडळीनं तर त्यापायी जीव दिला."

मनकर्णाबाई पुरणाचं पातेलं घेऊन माजघराच्या दारात आली. थोरल्या दिरापुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"आप्पा, आज माझा तिसरा दिवस हाय."

कुणाला काही कळेना.

"बाहेर बसायचा तिसरा दिवस. ही पोळी माझ्या हातची हाय. मार्गशीर्षापासून अकरा महिने तुम्ही माझ्याच हातचं खाताय. मंगळवारचा नैवेद्यबी. कोण मेलं? कोण आंधळं झालं? सांगा की!"

आप्पासाहेबांच्या हातातलं पान पडलं. दोघंतिघं तोंडाला हात लावून परसात ओकायला पळाले. तिचा नवरा कडूबा धावत आला, "अगं, वेड लागलं का तुला?"

"वेड नाय. तपासून आलेय मी."

"आई," आप्पासाहेब ओरडले, "हिला खोलीत घाल! तुला तरी कसं कळलं नाय?"

साळूबाई कोपऱ्यातून उठली. ऐंशीला टेकलेली, कंबरेत वाकलेली. या घरात सोवळ्याचा धाक तिचाच होता.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिसापासून. नहाणीमागं फडकी वाळत हुती, ती दिसत नव्हती व्हय मला?"

"आणि तू जेवत होतीस?"

"व्हय. पोटभर." म्हातारी लेकाच्या समोर येऊन उभी राहिली. "आवडी पाणी मागत हुती, आप्पा. मी वरून ओतलं, तिच्या वंजळीत थांबंना. हात इतके कापत हुते. मी तसंच ओतत राहिले. देवी कोपायचीच असंल तर त्या दिवशी कोपायला पायजे हुती."

आप्पासाहेब पैठणला जाऊन गंगेत न्हाऊन आले, पण घरचं जेवले नाहीत. ओसरीच्या टोकाला स्वतःची चूल मांडली. साठीचा माणूस धुरात डोळे पुसत भाकरी थापायचा. ती एकीकडं करपायची, एकीकडं कच्ची राहायची. मनकर्णाबाई समोर बसून बघायची. तिला कीव आली नाही. एकदाच ती म्हणाली, "पंगतीत बोललात. आता पंगतीतच सांगा, बाई कशानं मेली ते. मग मी तुम्हाला जन्मभर करून घालीन."

त्यांनी सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते वारले, आपल्याच चुलीशेजारी.

तेराव्याला भावकी पुन्हा जमली. कुणीतरी आप्पासाहेबांच्या सोवळ्याचे गोडवे गाऊ लागलं, तेव्हा मनकर्णाबाई वाढायचं थांबली आणि पंगतीच्या मधोमध खाली बसली.

"ते बोलले नाय, म्हणून मी सांगते. आवडाबाई विटाळानं मेली नाय. तिला दवाखान्यात नेली नाय म्हणून मेली. आणि लांबून ताट सरकवणारी मी हुते."

मग बायकांच्या रांगेतून भावकीतली हर्सूलची सखूबाई उठली. तिच्या पानावरचा भात तसाच होता.

"माझी सून अकरा दिसांपासून गोठ्यात हाय," ती म्हणाली. "उभं राहवंना म्हणतीया. मी म्हणलं, सोंग करती."

तिनं हात धुतले नाहीत, कुणाचा निरोप घेतला नाही. तशीच ती दाराबाहेर पडली. मनकर्णाबाईनं कडूबाकडं पाहिलं. त्यानं क्षणभर भावकीकडं पाहिलं, मग मान खाली घालून दवाखान्यासाठी गाडी जुंपायला गेला. ती सखूबाईच्या मागं रस्त्यानं भराभर चालू लागली.