सोलांशेजारी वाळत घातलेली हॉप्स

मी पिशवीतली हॉप्स बोलतेय. जरा भरभर बोलते, कारण ऊन अंगावर आलंय आणि माझ्यात वास फार उरलेला नाही.

हॉप्स म्हणजे वेलीला येणारी हिरवी फुलं. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो आमच्यामुळे. थंड मुलखात मला तोडलं, वाळवलं आणि हवा काढून चंदेरी पिशवीत बंद केलं. तेव्हापासून मी उन्हाला आणि हवेला जाम भिते; ती लागली की आमचा वास उडतो.

निहार मला गोव्यातल्या बिअरच्या कारखान्यातून कसालला घरी घेऊन आला. कारखान्याच्या वासात नाकाला काही कळत नाही म्हणाला. नव्या बिअरसाठी दोन जातींतली एक निवडून आज मालकांना कळवायची होती. मी आंब्याच्या वासाची, दुसरी नुसती कडू. आपल्याकडच्या आंब्यासारखी बिअर करायची हे त्याच्या मनात कधीपासूनचं. पण जी नाकारली जाईल, ती मालक पुन्हा आणणार नव्हते.

सकाळी त्याने मला फ्रिजमधून काढून माझी पिशवी कापली. तेवढ्यात काजूच्या बागेत गुरं शिरली म्हणून कुणी हाक मारली. वास न घेताच मला ओट्यावर टाकून तो धावला.

थंड पिशवीला बाहेर घाम फुटला. त्याची आई कावेरी आली, ओली पिशवी बघून हळहळली. पावसाआधी घरातलं सगळं कडक उन्हात घालायचं, ही तिची जन्माची सवय. अंगणात कोकमाची सोलं वाळत होतीच. शेजारी सुपात तिने मला पसरलं. मायेने पसरलं हो, तिला काय बोलणार? माझी मात्र पाचावर धारण बसली.

आत्ता निहार आलाय. सूप बघून जागीच थबकला. वरचं एक फूल चोळून त्याने हुंगलं. नुसता गवताचा वास.

"पिशवी भिजलेली रे. फुलां कुसान गेली असती," कावेरी म्हणाली. "म्हणान उन्हात घातलंय. बरी सुकली मा?"

निहारने चोळलेलं फूल परत सुपात ठेवलं. "बरी सुकली, आये."

मग पडवीच्या टोकाला जाऊन त्याने फोन लावला. "साहेब, आंब्याच्या वासाचं मी खात्रीने सांगू शकत नाही. दुसरीच मागवूया."

अरे बाबा, एका फुलावरून काय ठरवतोस? सुपाच्या तळाशी, बाकीच्यांच्या सावलीत, माझी चार फुलं अजून आंब्याचा वास धरून आहेत. मला फार भीती वाटतेय. कुणीतरी सांगा त्याला, सुपात खोल हात घाल म्हणावं. फोन अजून चालू आहे.